गोंगाटाच्या फायबरमधून गुप्त किल्ली : मोजलेल्या त्रुटीतून उपकरणाची त्रुटी वजा करावी का?

प्रश्न असा आहे. पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पदव्युत्तर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थिनीने दोन इमारतींमधील १४ किलोमीटर फायबरवर बीबी८४ पद्धतीने क्वांटम किल्ली वितरणाची, म्हणजे एकेका फोटॉनवरून दोन्ही टोकांना सारखी गुप्त किल्ली मिळवून देणारी, जोडणी उभी केली आहे. चाळलेल्या, म्हणजे दोन्ही टोकांची मोजण्याची पद्धत जुळल्यामुळे ठेवलेल्या, बिटांमध्ये तिला सरासरी ६ टक्के त्रुटी आढळते. प्रयोगशाळेत फायबरचा छोटा तुकडा लावून मोजले, तेव्हाही ४ टक्के त्रुटी दिसतच होती. ही ४ टक्के त्रुटी उपकरणाची म्हणून वजा करावी आणि हेराच्या खाती उरलेली २ टक्केच टाकावी, असे तिला सुचवण्यात आले आहे. हे योग्य आहे का, आणि त्रुटी किती वाढली म्हणजे किल्ली बनवणे थांबवावे, असे तिचे दोन प्रश्न आहेत.

मी पुण्यात प्रकाशीय संदेशवहनाच्या क्षेत्रात अठरा वर्षे काम करते आहे आणि त्यांपैकी अलीकडची काही वर्षे अशा जोडण्या शहरातल्या प्रत्यक्ष फायबरवर चालवण्यात गेली आहेत. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. मोजलेली सगळीच्या सगळी त्रुटी हेराच्या खाती टाकावी लागते. पण हा नियम नुसता पाठ करून भागत नाही, कारण गोंगाट वाढला आणि पदरात पडणारी किल्ली आटू लागली, की तो मोडण्याचा मोह प्रत्येकाला होतो आणि तो मोह दर वेळी वेगळे, वरवर पाहता शहाणपणाचे रूप घेऊन येतो.

बीबी८४ ही पद्धत चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी डिसेंबर १९८४ मध्ये बंगळुरूला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडली. या विषयाचा उगम भारतात वाचल्या गेलेल्या एका निबंधातून झाला, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. प्रेषक प्रत्येक फोटॉनवर ० किंवा १ हा बिट दोनपैकी एका बेसिसमध्ये, म्हणजे लिहिण्या-मोजण्याच्या एका ठरावीक मांडणीत, लिहितो, प्राप्तकर्ता दोनपैकी कोणत्यातरी एका बेसिसमध्ये तो मोजतो, आणि नंतर दोघेही बेसिस जाहीर करून जुळलेले तेवढे बिट ठेवतात. हेराने प्रत्येक फोटॉन वाटेत अडवून मोजला आणि त्याच्या जागी नवा पाठवला, तर चाळलेल्या बिटांत २५ टक्के त्रुटी उमटते. मात्र हेर इतका अधाशी असेलच असे नाही. त्याने १०० पैकी २४ च फोटॉन अडवले तर त्रुटी नेमकी ६ टक्के येते, आणि त्या २४ पैकी निम्मे, म्हणजे १२ बिट त्याला पक्के ठाऊक झालेले असतात. ही झाली सर्वांत ढोबळ चोरी. फोटॉनशी नाजूक आंतरक्रिया करून, मिळालेले क्वांटम मेमरीत साठवून आणि बेसिस जाहीर झाल्यावरच मोजणारा हेर याहून पुष्कळ अधिक मिळवू शकतो. त्याच्या कमाईची कमाल मर्यादा द्विमान एन्ट्रॉपीच्या, म्हणजे दोन पर्यायांमधील अनिश्चितता बिटांत मोजणाऱ्या, सूत्रातून मिळते. ६ टक्के त्रुटीसाठी ही मर्यादा दर बिटामागे ०.३२७ बिट इतकी आहे. म्हणजे १०० बिटांमागे १२ नव्हे, तर जवळजवळ ३३ बिटांइतकी माहिती त्याच्याकडे गेली आहे असे धरून चालावे लागते.

आता आपला जमाखर्च मांडून पाहू. चाळलेले १० लाख बिट आहेत आणि त्रुटी ६ टक्के आहे असे समजा. प्रेषक आणि प्राप्तकर्ता यांचे बिट सारखे करण्यासाठी त्रुटिसुधारणा करावी लागते आणि त्यासाठी समतेचे (एखाद्या गटातील १ ची संख्या सम की विषम हे सांगणारे) बिट उघड्या वाहिनीवरून पाठवावे लागतात. शॅननच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे अशा सुधारणेला लागणाऱ्या किमान बिटांपेक्षा, १६ टक्के जास्त खर्च होतो असे धरले, तर सुमारे ३,८०,००० बिट येथेच उघड होतात. त्याखेरीज हेराने फायबरमधून मिळवलेल्या माहितीपोटी ३,२७,००० बिट कापावे लागतात. उरलेले २,९३,००० बिट हीच आपली खरी किल्ली असते. ही कापणी टोप्लिट्झ सारणीने (० आणि १ च्या एका यादृच्छिक सारणीने) गुणून केली जाते. लांब, अंशतः फुटलेल्या किल्लीतून आखूड पण हेराला संपूर्ण अज्ञात अशी किल्ली काढण्याच्या या क्रियेला प्रायव्हसी अ‍ॅम्प्लिफिकेशन म्हणतात. आपल्याला सुचवलेल्या पद्धतीने ४ टक्के वजा केले, तर हेराच्या खाती २ टक्क्यांच्या हिशेबाने १,४१,००० बिट पडतील आणि किल्ली ४,७९,००० बिटांची दिसेल. या दोन आकड्यांतील १,८६,००० बिटांचा फरक ही काही कमाई नव्हे. इतक्या बिटांच्या गुप्ततेची हमी देणारा कोणताही पुरावा आपल्या हाती नाही, आणि किल्ली वापरणाऱ्याला मात्र आपण ती हमी दिलेली असते.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो विचार करण्याजोगा आहे. हेर जवळपासही नसताना, बंद खोलीत मोजलेली ४ टक्के त्रुटी हेराची कशी असेल? ती हेराची नाहीच. पण हेर काम करत असतानाही ती तशीच शिल्लक राहील, हे कशावरून? आपल्या ४ टक्क्यांतील काही भाग ध्रुवण, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाची दिशा, नीट न जुळल्याचा असेल, तर फायबर ताब्यात असलेला हेर वाटेतच ध्रुवण आपल्याहून चांगले जुळवून ती त्रुटी नाहीशी करू शकतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्वतःच्या मोजमापाची त्रुटी बसवू शकतो. मोजलेला आकडा ६ टक्केच राहतो आणि आपल्याला काहीही कळत नाही. काही भाग डिटेक्टरच्या आफ्टरपल्सचा असेल, म्हणजे एका फोटॉननंतर डिटेक्टर पुन्हा आपोआप वाजण्याचा, तर कोणता फोटॉन पोहोचू द्यायचा हे हेरच ठरवत असल्यामुळे तो फोटॉन विरळ अंतराने सोडून आफ्टरपल्सही कमी करू शकतो. फक्त डार्क काउंट, म्हणजे अंधारातही डिटेक्टरने स्वतःहून दिलेली टिकटिक, खऱ्या अर्थाने त्याच्या हाताबाहेर असते. काही सुरक्षा-सिद्धता तो भाग विश्वासाचा गोंगाट म्हणून वेगळा काढतातही, परंतु त्यासाठी हेर डिटेक्टरला स्पर्शही करू शकत नाही असे गृहीत धरावे लागते, आणि त्या गृहीतकाचे पुढे काय झाले ते मी खाली लिहिले आहे.

गोंगाट आपल्या हातातला असेल तर तो उपयोगीही पडतो, ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खरी वाटली नव्हती. २००५ मध्ये क्राउस, जिझाँ आणि रेनर यांनी दाखवून दिले की त्रुटिसुधारणेच्या आधी प्रेषकाने आपल्याच बिटांपैकी काही बिट यादृच्छिकपणे उलटे केले, तर बीबी८४ ची सहनशीलता, म्हणजे किल्ली निघू शकेल अशी कमाल त्रुटी, ११ टक्क्यांवरून १२.४ टक्क्यांपर्यंत वाढते. या गोंगाटाने प्राप्तकर्त्याचे जेवढे नुकसान होते त्याहून हेराचे जास्त होते. मात्र येथेही मोजलेल्या त्रुटीतून काही वजा केलेले नाही. आपण काय मिसळले हे नेमके ठाऊक होते आणि त्यासह संपूर्ण सुरक्षा-सिद्धता नव्याने मांडली गेली. आपल्या ४ टक्क्यांबद्दल आपल्याला तसे काहीही ठाऊक नाही.

वजाबाकीला माझा विरोध आणखी एका कारणाने आहे: ती शोध थांबवते. ४ टक्के ‘उपकरणाचे’ म्हणून बाजूला ठेवले, की ते कोठून आले हे कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात ४ टक्के हा आकडा १४ किलोमीटरच्या जोडणीसाठी बराच मोठा आहे. हिशेब पाहा. १५५० नॅनोमीटरला चांगल्या फायबरमध्ये दर किलोमीटरला ०.२ डेसिबल क्षय होतो, म्हणजे १४ किलोमीटरला २.८, शहरातील वितरण-पेट्यांमधील कनेक्टर आणि जोड धरले तर ७ डेसिबलपर्यंत जाईल, म्हणजे पाठवलेल्यातला पाचवा भाग पोहोचेल. लेझरच्या दर स्पंदामागे सरासरी ०.५ फोटॉन, प्राप्तकर्त्याच्या प्रकाशीय भागात निम्मे नुकसान आणि २० टक्के कार्यक्षमतेचा डिटेक्टर असेल, तर १०० स्पंदांमागे एक नोंद होईल. प्रत्येक डिटेक्टरचा डार्क काउंट दर गेटला, म्हणजे डिटेक्टर क्षणभर जागा ठेवण्याच्या प्रत्येक वेळी, एक लाखात एक असला, तरी त्यातून येणारी त्रुटी ०.१ टक्क्याच्या आसपासच राहते. हाच डिटेक्टर आणखी ५० किलोमीटर दूर नेला, तर पोहोचणारा प्रकाश दहापट घटून ही त्रुटी जवळजवळ १ टक्का होईल, आणि त्यापुढे आणखी ५० किलोमीटर नेला तर ८ टक्क्यांच्या वर जाईल. लांब अंतरावर डार्क काउंट जोडणीचा गळा घोटतो हे खरे, पण आपल्या अंतरावर तो दोषी नाही. तेव्हा पाणी दुसरीकडेच कोठेतरी मुरते आहे.

कोठे मुरत असेल, याचा माझा अनुभव सांगते. पाषाणहून शिवाजीनगरच्या दिशेने जाणाऱ्या एका जोडणीत सकाळी त्रुटी २.५ टक्के असे आणि मे महिन्याच्या मध्यापासून दुपारी चारच्या सुमारास ती ७ टक्क्यांवर जाऊ लागली. आम्ही आधी तापमानावर संशय घेतला, मग लेझरवर, आणि तीन दिवस उपकरण उघडझाप करण्यात घालवले. चौथ्या दिवशी वळवाचा वारा सुटलेला असताना मी गच्चीवर गेले. आपल्याकडे बहुतेक मार्ग जमिनीखालून गेलेला असला तरी शेवटचा शे-दोनशे मीटरचा तुकडा पुष्कळदा एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर तारेसारखा ताणलेला असतो. तसाच तो तेथेही होता, आणि धोबीघाटावरच्या दोरीसारखा झुलत होता. मी फोनवर केबल डावीकडे गेली, उजवीकडे गेली असे सांगत होते आणि खाली सहकारी पडद्यावरचा आकडा वाचत होता. दोन्हींची लय एकच होती. फायबर वाकले आणि पिळले की त्यातील प्रकाशाचे ध्रुवण फिरते. आमचा ध्रुवण-नियंत्रक दर दोन सेकंदांनी एकदा दुरुस्ती करत होता आणि वाऱ्याचा झोत त्याहून कितीतरी आधी ध्रुवण फिरवून मोकळा होत होता. दुरुस्तीचा वेग सेकंदाला पन्नास केला आणि त्रुटी दुपारीसुद्धा ३ टक्क्यांच्या आत आली. ‘दुपारच्या उपकरण-त्रुटीचे’ ४.५ टक्के आम्ही वजा केले असते, तर ती केबल आजही तशीच झुलत राहिली असती.

दुसरा प्रसंग गुरुवारचा. दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी वीज बंद राहणे हे पुणेकराला नवीन नाही. आमची उपकरणे यूपीएसवर चालत राहत, पण वातानुकूलन बंद पडे. ध्रुवणाऐवजी प्रकाशलहरीच्या फेजवर बिट लिहिणाऱ्या पद्धतीत दोन्ही टोकांना इंटरफेरोमीटर, म्हणजे प्रकाश दोन वाटांनी नेऊन पुन्हा एकत्र आणणारे उपकरण, असते. त्याच्या दोन वाटांमध्ये, म्हणजे भुजांमध्ये जो लांबीचा फरक असतो, तो साधारण २० सेंटिमीटर असला, तरी एका अंशाने तापमान बदलले की प्रकाशाच्या फेजमध्ये एका पूर्ण आवर्तनाहून अधिक बदल होतो. दोन टोकांच्या खोल्या वेगवेगळ्या वेगाने तापत होत्या, त्यामुळे व्हिजिबिलिटी, म्हणजे दोन वाटांच्या प्रकाशाच्या मेळाचा ठळकपणा, घसरत होती, आणि व्हिजिबिलिटी ९६ टक्के झाली की नुसत्या तेवढ्यानेच २ टक्के त्रुटी येते. त्यातच डिटेक्टरचा शीतक दमला की डार्क काउंटही वाढतो. इंटरफेरोमीटर जाड थर्मोकोलच्या पेटीत, स्वतंत्र तापनियंत्रकासह यूपीएसवर घेतल्यावर गुरुवार इतर वारांसारखा झाला.

तिसरे कारण शहरातील फायबर जोडल्यावर वाढलेल्या २ टक्क्यांसाठी मला सर्वांत संभाव्य वाटते, ते म्हणजे त्याच फायबरमधून जाणारी साधी डेटा-वाहतूक. एका साध्या दहा गिगाबिटच्या लेझरची शक्ती आपल्या एकेका फोटॉनच्या तुलनेत अवाढव्य असते, आणि फायबरमधील काचेच्या रेणूंवरून त्या प्रकाशाचे रामन विकिरण होऊन त्याचा अगदी थोडा अंश आपल्या तरंगलांबीत उतरतो. हा अंश गाळणीने अडवता येत नाही, कारण तो आपल्याच रंगाचा असतो. त्याची ओळख मात्र सोपी आहे. डेटा-लेझर हा वाहतूक नसतानाही सतत जळत असतो, त्यामुळे रामनचा गोंगाट कार्यालयीन वेळेनुसार चढत-उतरत नाही; एखाद्या दिवशी एका क्षणी त्रुटीची पायरी चढते आणि मग ती तेथेच राहते. तशी पायरी आपल्या नोंदींत दिसली तर फायबरच्या व्यवस्थापकाला त्या दिवशी कोणते पोर्ट सुरू केले हे विचारा. उपाय तीन आहेत. डेटा-लेझरची शक्ती गरजेपुरती खाली आणा, क्वांटम वाहिनी १३१० नॅनोमीटरला हलवा आणि डेटा १५५० ला राहू द्या, किंवा आपल्या वाहिनीवर अधिक अरुंद गाळणी बसवा. कमी अंतरावर १३१० मधला जास्तीचा क्षय परवडतो. माझा कौल पहिल्या दोन उपायांना आहे, कारण ते स्वस्त आहेत.

गोंगाट कमी करण्याचे आणखी दोन मार्ग फार सहज सुचतात. ते सुरक्षेलाच भोक पाडतात, म्हणून त्यांच्याबद्दल सावध करते. पहिला मार्ग म्हणजे दोन्ही डिटेक्टर एकाच वेळी वाजले तर ती नोंद टाकून देणे. टाकून दिल्याने त्रुटीचा आकडा सुधारतो, यात शंका नाही. पण हेराने मुद्दाम अनेक फोटॉनांचे जाड स्पंद पाठवले, तर प्राप्तकर्त्याने चुकीचा बेसिस निवडल्यावरच बहुधा दोन्ही डिटेक्टर वाजतात, आणि त्या नोंदी टाकल्या की हेराची चूक आपण स्वतःच पुसून देतो. अशा प्रत्येक नोंदीला यादृच्छिक बिट द्यावा आणि ती जमेस धरावी, हाच स्वीकृत नियम आहे. दुसरा मार्ग म्हणजे डार्क काउंट कमी करण्यासाठी डिटेक्टरचा गेट फार अरुंद करणे. दोन डिटेक्टरांचे गेट काही पिकोसेकंदांनी मागेपुढे असतातच. गेट अरुंद केला की त्याच्या कडेला एका डिटेक्टरची कार्यक्षमता जास्त आणि दुसऱ्याची कमी अशी अवस्था येते, आणि फोटॉन थोडा उशिरा किंवा लवकर पोहोचवून कोणता डिटेक्टर वाजेल याकडे हेर कल झुकवू शकतो. गेट अरुंद करायचाच असेल, तर दोन्ही डिटेक्टरांचे कार्यक्षमता-आलेख आधी एकावर एक ठेवून तपासा.

वर म्हटलेल्या गृहीतकाचे काय झाले, ते आता सांगते. २०१० मध्ये वादिम मकारोव यांच्या गटाने तेव्हाच्या व्यापारी यंत्रांवर दाखवून दिले की तीव्र प्रकाश सतत सोडून डिटेक्टर आंधळा करता येतो आणि मग हेराला हवा तेव्हा, हवा तो बिट वाजवता येतो. या हल्ल्यात त्रुटी वाढत नाही. हेराला संपूर्ण किल्ली मिळते आणि पडद्यावरचा आकडा नेहमीइतकाच निरोगी दिसतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना नुसता त्रुटिदर पाहू देत नाही. डिटेक्टरमधून वाहणारा सरासरी विद्युतप्रवाह आणि येणाऱ्या प्रकाशाची एकूण शक्ती यांचीही सतत नोंद ठेवायला लावते. डिटेक्टरवरचा विश्वास पूर्णपणे काढून घ्यायचा असेल, तर २०१२ मध्ये लो, कर्टी आणि ची यांनी मांडलेली, मोजणी मधल्या अविश्वासू केंद्रावर सोपवणारी पद्धत आहे. ती आपल्या प्रकल्पाच्या आवाक्यातील नाही, पण वाचून ठेवण्याजोगी नक्कीच आहे.

आता दुसरा प्रश्न, कोठे थांबावे. पीटर शोर आणि जॉन प्रेस्किल यांनी २००० मध्ये दिलेल्या सिद्धतेनुसार एकाच दिशेने संवाद साधून बीबी८४ मधून किल्ली काढण्याची मर्यादा सुमारे ११ टक्के त्रुटी इतकी आहे. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो आणि त्यामुळे १० टक्क्यांपर्यंत सारे ठीक आहे असा समज होतो. परंतु त्यात त्रुटिसुधारणा परिपूर्ण असल्याचे गृहीत धरलेले आहे. वर धरल्याप्रमाणे ती १६ टक्के महाग असेल, तर मर्यादा ९.८ टक्क्यांवर येते, आणि ९ टक्क्यांना १० लाखांतून ५७,००० बिट उरतात. त्यातही आपला स्रोत एकेक फोटॉन देणारा नसून क्षीण केलेला लेझर आहे. त्याच्या काही स्पंदांत दोन किंवा अधिक फोटॉन असतात, आणि त्यांतील एक काढून घेणाऱ्या हेराची त्रुटी शून्य असते. यावर २००३ मध्ये ह्वांग यांनी सुचवलेला आणि २००५ मध्ये पूर्णत्वास गेलेला डिकॉय स्पंदांचा, म्हणजे मधूनमधून वेगळ्या तीव्रतेचे फसवे स्पंद पाठवून अशी चोरी उघड करण्याचा, उपाय आपण वापरत असाल असे मी धरते. वापरत नसाल तर वरची सगळी गणिते बाजूला ठेवून आधी तो आणा. डिकॉय पद्धतीत एक-फोटॉन स्पंदांची त्रुटी थेट मोजता येत नाही, तिची वरची मर्यादा काढावी लागते, आणि ती मोजलेल्या सरासरीहून जास्तच निघते. हे सारे धरून, मी स्वतः ८ टक्क्यांवर गेलेली जोडणी चालू ठेवत नाही.

तसेच, ६ टक्के ही सरासरी किती बिटांवरून काढली, हे आपण लिहिलेले नाही. १,००० बिटांच्या नमुन्यात ३ टक्के चुका आढळल्या, तर प्रमाण-विचलन ०.५४ टक्के येते; चुकण्याची शक्यता हजार कोटींत एक इतकी खाली ठेवायची असेल, तर जवळजवळ साडेसहा पट विचलन जमेस धरावे लागते आणि सुरक्षित वरची मर्यादा थेट साडेसहा टक्क्यांच्या आसपास जाते. नमुना १ लाख बिटांचा घेतला, तर तीच मर्यादा ३.३५ टक्क्यांवर येते. म्हणून लहान लहान तुकड्यांत किल्ली काढण्याची घाई करू नका, मोठा गठ्ठा साठू द्या. त्याचबरोबर, दिवसभरात त्रुटी वर-खाली होत असेल, तर सगळे एकत्र मिसळण्यापेक्षा आधीच ठरवलेल्या वेळेच्या गठ्ठ्यांत वेगळे ठेवणे फायद्याचे असते. निम्मे बिट २ टक्के आणि निम्मे १० टक्के त्रुटीचे असतील, तर एकत्र केल्यावर ६ टक्क्यांच्या हिशेबाने १० लाखांतून २,९३,००० मिळतात, आणि वेगळे ठेवल्यास वाईट अर्धा संपूर्ण टाकूनही सुमारे ३,४७,००० मिळतात. सरासरी घेणे असुरक्षित नाही, ते केवळ महाग आहे. गठ्ठ्याच्या सीमा मात्र घड्याळाने आधीच ठरलेल्या असाव्यात. चुका पाहून नंतर सीमा सरकवल्या, तर आपण पुन्हा वजाबाकीच्याच वाटेवर येतो.

शक्य असेल तर दोन बेसिसचे आकडेही वेगळे ठेवा. किल्ली एका बेसिसमधून काढायची आणि दुसरा फक्त पाहणीसाठी वापरायचा, अशी मांडणी आता रूढ आहे. त्यात किल्लीच्या बेसिसमधील त्रुटी फक्त सुधारणेचा खर्च ठरवते, आणि हेराच्या खाती पडणारी रक्कम दुसऱ्या बेसिसमधील त्रुटीवरून ठरते. अनेक जोडण्यांत एका बेसिसमध्ये १ टक्का आणि दुसऱ्यात ५ टक्के असे दिसते. हे पाहिल्यावर कोणता भाग नीट जुळवायचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

जोडणी प्रत्यक्ष शहरात चालू शकते, याबद्दल शंका नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज आणि विंध्याचल यांच्या दरम्यान, आधीच टाकलेल्या व्यापारी फायबरवर १०० किलोमीटरहून अधिक अंतराची क्वांटम किल्ली जोडणी दाखवली. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत २,००० किलोमीटरची आंतरशहर जोडणी हे एक उद्दिष्ट आहे. पाषाणमध्ये आयसरच्या (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेच्या) आवारात क्वांटम तंत्रज्ञानाचे आय-हब आहे. आपल्या महाविद्यालयापासून ते दूर नाही आणि असले प्रश्न घेऊन तेथे जाण्यास संकोच करू नये.

आता आपल्या ६ टक्क्यांची फोड करण्यासाठी या क्रमाने मोजा. प्राप्तकर्त्याच्या तोंडावर झाकण लावून दोन तास नोंदी घ्या. जे वाजेल तो डार्क काउंट. मग झाकण काढून शहरातील फायबर जोडा, पण प्रेषकाचा लेझर बंद ठेवा. वाढ दिसली तर ती रामन किंवा बाहेरून शिरलेला प्रकाश. मग एकच ठरावीक अवस्था सतत पाठवा आणि चुकीच्या डिटेक्टरमधील नोंदी मोजा. त्यातून जुळणीचा दोष कळेल. शेवटी डिटेक्टरचा मृतकाळ, म्हणजे एका नोंदीनंतर तो बंद ठेवण्याचा वेळ, १० मायक्रोसेकंदांपर्यंत वाढवून पाहा. नोंदींचा दर खाली येईल, पण त्याबरोबर त्रुटीही खाली आली, तर तेवढा भाग आफ्टरपल्सचा होता. आफ्टरपल्सची शक्यता ४ टक्के असेल तर तिच्यातून २ टक्के त्रुटी येते, आणि प्रयोगशाळेतल्या ४ टक्क्यांबाबत माझा पहिला संशय तेथेच आहे. या चारही मोजण्या दुपारी चार वाजता, वारा असताना, पुन्हा एकदा घ्या.